मुक्कामाला चौघी

ऋजुताने फ्रिजवर कागद लावलाय : शनिवार. स्लीपओव्हर.
ओव्हरच्या ओला तिने पापण्या काढल्यात.
देवासच्या विशूआत्याला मी हे फोनवर समजावत होतो
तर ती म्हणाली, अरे, मग मुक्कामाला येणार म्हण ना चौघी.
त्यात काय एवढं.

त्यात एवढं, की
राजेंद्रनगरातला हा फ्लॅट पावणेदोन खोल्यांचा.
गाद्या दोन, तिसरी वरच्या जोगळेकरांची,
तिला नॅफ्थलीनचा वास, म्हणून तीन दिवस कठड्यावर ऊन खातेय.

भव्या छाजेड दिवस मावळायच्या आत जेवते.
कांदा नाही, बटाटा नाही.
मग सगळ्याच लवकर जेवतील, ठरलं.
शनिवारचा सूर्यास्त सहा बावीस.
सूर्य कधी जातो हे मी
स्वयंपाकासाठी पहिल्यांदाच शोधलं.
सकाळी पोहे, बिनकांद्याचे, वर शेव भरपूर,
जिरावन वेगळ्या वाटीत.

इनाया शेखला मांजर चालतं, कुत्रा नाही.
आमच्याकडे दोन्ही नाही
हे तिला आधी कळवायचं, म्हणजे निराशा घरीच होऊन जाईल.

पलक सोलंकीची आई शाळेच्या गेटपाशी थांबली,
स्कूटर चालूच.
मग बंद केली.
मग म्हणाली, कधीकधी होतं तिचं, रात्री.
मी म्हटलं, सगळ्याच गाद्यांवर प्लास्टिक घालतो चादरीखाली.
पाच जणी चुरचुरतील कूस बदलताना,
कुणाची चुरचुर कुणाची, कळणार नाही.
तिने स्कूटर सुरू केली, एकदा वळून बघितलं.

मंजिरीच्या बाबांचा फोन साडेनवाला.
आधी हवा, मग रिंग रोडचं खोदकाम,
मग सर्दी नसताना खाकरून :
तसं काही नाही, पण
घरात बाईमाणूस कोण असेल?

मीनल बदलीवर जबलपूरला.
पंधरवड्याने येते, आणि हा तो शनिवार नाही.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
राग आला.
दारापर्यंत आला आणि चपला न काढताच परत गेला.
कारण गेल्या जूनमध्ये
पोहायला शिकवणाऱ्या त्या मास्तरांना मीही हेच विचारलं होतं,
याच्या निम्म्यानेही गोड आवाजात नाही.
तेव्हा त्यांनी वहीत मान घालून
दोन बायकांची नावं वाचून दाखवली होती.
मी म्हटलं, बरोबर विचारलंत, तारे.
उद्या नाव सांगतो.

विशूआत्या म्हणाली, येते की.
पण मला पलंग हवा. पोरी घोरतात.
(आत्या घोरते. देवासच्या निम्म्या गल्लीला ठाऊक आहे.)

आज शुक्रवार.
ऋजुता झोपल्यावर मी गाद्या घालून बघितल्या.
टीपॉय गॅलरीत, टीव्ही भिंतीकडे तोंड करून.
पाच उशा, त्यातली एक सोफ्याची.
पहाटे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येईल, दचकतील का?
नाही दचकणार. इंदूरच्या आहेत,
झोपेतसुद्धा ओला-सुका वेगळा करतील.

मग दिवा घालवला
आणि एकेका उशीवर डोकं ठेवून पाहिलं.
खिडकीच्या उशीवरून रस्त्याचा दिवा थेट डोळ्यांत :
इथे ऋजुताच बरी, तिला सवय आहे.
दुसरीवरून पंख्याची सावली, जरा कोळ्यासारखी.
तिसरीवरून फ्रिजचा हिरवा ठिपका.
भित्र्याला हा बरा, काहीतरी जागं आहे असं वाटतं.
चौथीवरून बाथरूमचं दार.
ती पलकची. मधे काहीच ठेवायचं नाही, चपलासुद्धा.
पाचवी सोफ्याची. तिच्यावरून
आमच्या खोलीचं दार दिसतं, आणि आतला पलंग,
अर्धा भरलेला असतो तो, एरवी.
उद्या तिथे आत्या.
मी कुठे झोपायचं, हे यादीत राहूनच गेलं.

प्लास्टिक चुरचुरलं.
गार होतं, मग नव्हतं.

बाबा, तू इथे का झोपलायस?
डोळे चोळत ऋजुता उभी, बाहेर गाडीचं गाणं.
ऊठ ना.
ही मंजिरीची जागा आहे.