लागलेलं, लावलेलं

माझ्या टेबलावर येतात ती अंगं.
खेळ तिकडे, मुहर्रकच्या हॉलमध्ये, दिव्यांखाली.

मी मिरजेचा. बाबा हाडं बसवायचे.
हुतूतूची पोरं सायकलवर डबलसीट यायची,
लोंबता खांदा दुसऱ्या हाताने धरून.
बाबा आधी काळंनिळं बघायचे, मग तोंड.
म्हणायचे, हे लागलंय.
कधी नुसतं, हे लावलंय,
आणि त्या दिवशी पैसे घ्यायचे नाहीत.

अकरा वर्षं झाली, मी इथे तेच वाचतो.
रिबाउंडला दोघं उडतात, बरगडीवर बरगडी,
तळहाताएवढा जांभळा डाग, कडा पसरट:
हा सरळ माणसाचा. बर्फ लाव, उद्या सरावाला ये.
आमचा डेमेट्रियस स्क्रीन लावून उभा राहतो
आणि धावते गडी त्याच्यावर येऊन फुटतात.
दार कुणाला मारत नाही,
तुम्ही न बघता येता.

पण कोपराचं टोक,
रेफरीची पाठ वळल्यावर, कमरेच्या वर, मऊ जागी,
त्याचा डाग छोटा असतो. रुपयाएवढा.
आपण दिसू नये असं वाटणारा.

काल सेमीफायनल. शेवटची चाळीस सेकंदं, एका गुणाने आम्ही पुढे.
टाइमआउटमध्ये कोच एवढंच म्हणाले,
त्याला सुखाने उतरू देऊ नका.
तो म्हणजे मैथम, त्यांचा शूटर,
बावीस वर्षांचा, उडतो तेव्हा जीभ थोडी बाहेर काढतो.

मैथम हवेत.
उडालेल्याची उतरायची जागा त्याचीच असते.
हे नियमाच्या पुस्तकात आहे,
पुस्तक नव्हतं तेव्हाही होतं.
नव्वाफने पाऊल सरकवलं.
अर्धी वीत. पंगतीत पाट सरकवावा तसं, सहज.
आवाज आला, वाळकी शेंग मोडल्यासारखा.
शिट्टी नाही.
आम्ही जिंकलो. स्टँडमध्ये ढोल.

रात्री तोच पाय माझ्या टेबलावर.
नव्वाफ, ज्याला माझ्या पोराचे दहावीचे मार्क पाठ आहेत.
घोटा किंचित सुजलेला,
वजन पडलं होतं ना त्याच्यावर.
म्हणाला, खेळ आहे डॉक्टर, अंगावर येतोच.
मी डॉक्टर नाही, हे मी दर वेळी सांगतो. काल नाही सांगितलं.
म्हटलं, अंगावर येणं वेगळं.
पुढचं अरबीत जमेना.
रडीचा डाव याला माझ्या मोडक्या हिंदीतही
काही सापडेना.
मी टेप फाडली. घोट्याभोवती आठचा आकडा,
त्यावर परत आठचा आकडा.
हातांना कळत नाही कुणाचा पाय आहे.
की कळतं, आणि तरी ते नीट बांधतात.

पगार पंचवीस तारखेला होतो.
व्हिसा क्लबच्या कपाटात आहे.

साडेबाराला बेल. बिजॉय,
पाचव्या मजल्यावरचा, त्यांच्या टीमचा फिजिओ,
आणि माझा शुक्रवारच्या मासळीबाजाराचा सोबती.
मैथम खाली गाडीत, पाय डॅशबोर्डवर.
बर्फ आहे का? माझा संपला.
फोनवर एक्स-रे दाखवला. मी बघितला.
बघायची गरज नव्हती.
मग खिशातून चौघडी फॉर्म, फेडरेशनचा.
नाव भरलेलं. तारीख भरलेली.
दुखापतीचं कारण: रिकामं.
म्हणाला, मी बाटल्या भरत होतो, मला नाही दिसलं.
तू कडेला होतास.

बाहेर चष्म्यावर धुकं धरेल इतका दमट वारा,
आत फ्रिजचा घरघराट.
मी तिन्ही ट्रे त्याच्या पिशवीत ओतले.
सावकाश ओतले.
मग म्हटलं, लावलंय.
मराठीतच निघालं.

बिजॉयने पेनचं टोपण काढलं.
परत म्हण, म्हणाला. हळू.