पाचवी तार

मंगळवारी, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानामागे,
लटकणाऱ्या फॅनबेल्टांखाली दोन खुर्च्या टाकून
एल्डन प्रुइट शिकवायचा.
वही नाही, नोटेशन नाही.
"माझ्या हाताकडे बघ, रोवीना," एवढंच,
आणि मध्येच डब्यात तंबाखू थुंकणं.

गाणी सगळी तीन कॉर्डांची:
कोणीतरी सोडून गेलेलं, मालगाडी,
नाहीतर आई आणि तिचं उघडं दार.
माझी बोटं सोलली, मग घट्टे पडले;
रात्रपाळीत पेशंटची नाडी धरताना
मला आधी माझंच कातडं लागायचं.

नोव्हेंबरात त्याला डोंगरावर पुरलं.
चर्चच्या तळघरात, बीन्स आणि मक्याच्या पावाच्या वासात
मी त्याचं आवडतं वाजवलं. न चुकता.
लेक्सिंग्टनहून आलेला त्याचा नातू हळूच म्हणाला,
"सी कॉर्डला तुम्ही पाचवी तार सोडता. दर वेळी."

सोडते?

घरी येऊन बघितलं. खरंच.
लाकडाच्या गिरणीनं त्याची दोन बोटं नेली होती
मी जन्मायच्याही आधी.
जिथे त्याचं बोट नव्हतं
तिथे मीही काही ठेवलं नव्हतं.

आता तिसऱ्या फ्रेटवर अनामिका टेकवून बघते.
आवाज भरतो. गोल होतो. बरोबर असतो.
कुणाचंही गाणं वाटतं.

उचलते पुन्हा.
न दुखणारं, धड बोट
हवेत धरून ठेवायला
फार जोर लागतो.