अर्जाचा दुसरा परिच्छेद

दिंडोरी रोडला, बोराड्यांच्या पिठाच्या गिरणीवर
आमची खोली.
खाली दळण सुरू झालं की वर टेबल थरथरतं,
तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठतात.
बैठक गुरुवारी, सात वाजता.
किल्ली खैरनार सरांकडे,
म्हणजे सर आजारी पडले की चळवळ जिन्यावर.

त्या गुरुवारी पाच जण होतो.
सर, निवृत्तीला तेरा वर्षं, तरी खिशात खडू.
मुमताज तांबोळी, पाथर्डी फाट्याहून दोन रिक्षा बदलून आलेली,
जिला महापालिकेतला प्रत्येक शिपाई ओळखतो
आणि एकही साहेब ओळख देत नाही.
पेठच्या आश्रमशाळेवरचा निरगुडे,
साडेआठच्या गाडीसाठी सारखा घड्याळात बघणारा.
मी. दोन कथासंग्रह, उरलेल्या प्रती पलंगाखाली.
आणि दाराजवळ, अर्ध्या खुर्चीवर,
इंदूबाई गांगुर्डे.

मांडीवर प्लास्टिकची पिशवी.
तिच्यात रेशनकार्ड, मयताचा दाखला
आणि ठेकेदार परत मागत असलेलं हजेरीकार्ड.

लहानू गांगुर्डे, वय एकेचाळीस.
सिंहस्थाची कामं निघाली होती,
नदी स्वच्छ दिसायला हवी होती,
म्हणून नासर्डीकडेच्या चेंबरमध्ये तो उतरला.
दोर होता.
मास्क पुढच्या आठवड्यात येणार होते.

पहिला परिच्छेद सोपा गेला : नाव, पत्ता, तारीख.
दुसऱ्यात अडलो.

'मृत्यू झाला' असं लिही, सर म्हणाले.
'झाला' कसा? मुमताज उसळली,
उशीर होतो, पाऊस होतो,
हा काय आपोआप झाला?
निरगुडे म्हणाला, 'अपघात' लिहा,
फाइल लवकर हलते.
मग स्वतःच गप्प बसला, नख कुरतडत.
मी म्हणालो, 'बळी'.
माझा शब्द मला लगेच आवडला.
बळी कुठल्या देवाला? मुमताजनं विचारलं,
आणि मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

पाऊण तास एका क्रियापदावर.
चहा आला, त्यावर साय धरली.
जिच्यासाठी भांडत होतो
तिला कुणी विचारलं नव्हतं.

खाली गिरणी बंद पडली.
टेबल थांबलं.
त्या शांततेत इंदूबाई बोलली, खालीच बघत :

उतरला नाही तो.
उतरवला.
मी डबा घेऊन गेलते ना तिथं.
वास येतोय, नको म्हणत होता.
मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नको मग.

सर उठले. चष्मा पुसला, परत पुसला.
बत्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो, म्हणाले,
'आई बाळाला निजवते.'
प्रयोजक क्रियापद.
करणारा एक, करायला लावणारा दुसरा.
तीन मार्कांचा प्रश्न होता हा.

मग मी लिहिलं. ती सांगत गेली.
मुकादमाचं नाव आलं, ठेकेदाराचं आलं,
काम मंजूर करणाऱ्या सहीचंही आलं,
कारण 'उतरवला' म्हटल्यावर
वाक्य विचारतंच, कुणी?

(वर याच कवितेत मी 'उतरला' लिहिलंय.
खोडत नाही.
माझ्या हाताला काय सवय आहे ते दिसू दे.)

निरगुडेची गाडी चुकली.

शरणपूर रोडच्या कचेरीत आवक क्रमांक मिळाला.
खिडकीतल्या माणसानं दुसरा परिच्छेद वाचला,
एकदा वर बघितलं,
थांबा म्हणाला.
त्याला आता चार महिने झाले.

परवा इंदूबाई आली, खाली दळणाला नंबर लावून,
सोबत फुलेनगरची एक बाई, तिच्याही हातात पिशवी.
मुमताजनं विचारलं, अजून थांबलाय का तुम्ही?
इंदूबाई म्हणाली,
थांबले नाही. थांबवलंय.
आणि नव्या बाईला पूर्ण खुर्चीवर बसवलं.

किल्ली सध्या माझ्याकडे आहे.
सरांचा खोकला अजून गेलेला नाही.