आकडा

लष्कर भागातलं माझं थिएटर पाडलं त्या वर्षापासून
दर दुसऱ्या शनिवारी मी खडकीला जातो,
स्कूटरवर पायाशी प्रोजेक्टर, पाठीला पडद्याची गुंडाळी.
मुळेच्या काठी जखमी जवानांचं वसतिगृह.
हॉलमध्ये खुर्च्या मांडाव्या लागत नाहीत,
प्रेक्षक आपापली घेऊन येतात.

हा विनोद माझा नाही. हवालदार केरबा भोइटे यांचा.
पहिल्याच शनिवारी त्यांनी तो मला ऐकवला
आणि मी हसतो का, ते बघत राहिले.

काल लावलेला युद्धपट नवा होता, हिंदीत डब केलेला.
त्यात एक यंत्र असतं. आभाळातून बघतं,
कोण मरेल ते आधीच सांगतं, टक्क्यांत,
आणि मारण्याआधी मऊ आवाजात विचारतं,
माझ्यावर विश्वास आहे ना?
नायक घाम पुसतो.
दोन तास सिनेमा त्या घामावर चालतो.

शेवटी नायक मरतो. चार मिनिटं मरतो,
चेहऱ्यावर सोनेरी उजेड, मागे व्हायोलिनं.
मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं,
"एवढा वेळ मिळाला असता तर जेवून घेतलं असतं."
हॉल खदखदला.
मी हसलो नाही. चाळीस वर्षं केबिनच्या चौकोनी भोकातून
मी असेच मृत्यू सोडलेत पडद्यावर,
दिवसाला चार खेळ, रविवारी पाच,
रीळ उलटं गुंडाळलं की नायक पुन्हा जिवंत.
इथे हे सांगायची लाज वाटते.

दिवे लागल्यावर विचारलं, हवालदार,
तुम्ही ठेवला असता त्या यंत्रावर विश्वास?

माझी वायर मांडीवर घेऊन
ते कोपरावर गुंडाळू लागले.

"सुरुंग हुडकायचं मशीन व्हतं माझ्याकडं.
लांब दांडा, फुडं ताटली, कानाला हेडफोन.
मागनं बशीर मुल्ला झेंड्या रोवत यायचा.
त्या दिशी त्येला घरनं पत्र आल्यालं, मिरजेस्नं.
घरात लाइट आली, मीटर बसलं.
म्हनला, केरबा, समदे दिवे बंद केलं
तरी चाक फिरतंय म्हनं. सरकारी मशीनच चोर!
मला नीट ऐकू येईना,
म्हनून हेडफोन गळ्यात घेतला.

मशीन गळ्यापाशी वाजत व्हतं.
म्या हसत व्हतो.

निम्मा मी गेलो, आख्खा बशीर.
मशीनला काय झालं न्हाई.
पडल्या जागी वाजतच ऱ्हायलं, लई वेळ,
मला उचलून न्हेलं तरी मागं वाजत व्हतं."

कारखान्याच्या बाजूनं मालगाडी गेली.
ती जाईपर्यंत ते थांबले.

"दोन वर्सांनी मिरजेला गेलो, ह्याच खुर्चीतनं.
न्हाई, ह्याच्या आदीची. ही नवी हाय.
म्हातारीला म्हनलो, मीटर दावा.
मेन स्विच खाली केला अन् बसलो फुडं.
चाक फिरत व्हतं. सावकाश, पन फिरत व्हतं.
बशीरचं खरं व्हतं.
मग वायर बघत गेलो.
मीटरच्या फुडनं, स्विचच्या अलीकडनं,
शेजाऱ्यानं आकडा टाकल्याला.
म्हंजी मीटरबी खरंच बोलत व्हतं."

सांगितलंत मग?

"कुनाला? बशीरच्या जनाज्याला पहिला खांदा त्या शेजाऱ्याचा.
म्हातारीला दम लागला की रातीचा दवाखान्यात न्हेनारा त्योच.
न्हाई सांगितलं.
बिलात म्हैन्याला अकरा रुपय जास्तीचं यायचं.
ते मी धाडत गेलो. म्हातारी व्हती तवर."

वायर माझ्या हातात दिली. घट्ट, एकसारखी गुंडाळलेली.
प्रोजेक्टरचा दिवा मी कधीच बंद केला होता,
आत पंखा फिरत होता.
निवेपर्यंत फिरतो तो.
केरबा भोइटे खुर्ची जवळ घेऊन
तो थांबायची वाट बघत बसले.