काना

पापाच्या तिकटीजवळचा पेंटर अक्षरावर पैसे घेतो.
"एवढं लांबडं नाव व्हय? दोन ओळी लागतील बघा."
आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर प्रशिक्षण केंद्र.
बोर्ड आला तेव्हा पहिलाच काना नव्हता.
अंतर.
परत पाठवायचं टेम्पोभाडं कुठल्या खात्यात टाकायचं
ते ठरेना, म्हणून तसाच लावला.

मी प्रकल्प विभागात हिशेब लिहितो.
पाच वर्षांचं अनुदान, सहा मुलं, तीन खाती
आणि एक खोली:
पंखा पदार्थविज्ञानाचा, नळ वनस्पतीशास्त्राचा,
कुलपाचं बिल अजून फिरतंय.

सन्मती मगदूम गवतांना लॅटिन नावानं हाक मारायची.
तौफिक नदाफ दिवसभर तारा सोलायचा.
धैर्यशील पोवार शिरोलीच्या फौंड्रीतून
जळकी काळी वाळू आणायचा,
स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये पोतं धरून.
पावती मागितली की हसायचा.
वर्षभर तिघं आपापल्या टेबलाशी,
पाठीला पाठ.

ऑगस्टची फेलोशिप डिसेंबरात आली.
मधले चार महिने मेसच्या आक्कांच्या वहीत
तिघांची नावं एकाच पानावर.
वेगळी पानं कशाला, म्हणाल्या,
एकत्रच तर जेवतात.

मला हे माहीत नव्हतं.
माझ्याकडे ती अजून तीन पानांवर होती.

मार्चअखेर ऑडिटचे साहेब आले.
खिडकीत पोतं, पोत्यात ती फौंड्रीची वाळू,
वाळूत वीतभर गवत,
गवताच्या मुळाशी गेलेली निळी वायर.
"हे कोणत्या खात्याचं?"
"आमचं," सन्मती म्हणाली.
दोन वर्षांपूर्वीही हाच शब्द म्हणायची ती,
तेव्हा त्यात तौफिक नव्हता,
पोवार तर नव्हताच नव्हता.

उपयोगिता प्रमाणपत्रात मी लिहिलं: किरकोळ.
त्या रकान्यात याहून मोठा शब्द मावत नाही.

आता सप्टेंबरात पैसे संपतात.
मुदतवाढीचा अर्ज दिल्लीला गेलाय,
पोच आली, उत्तर नाही.
काल संध्याकाळी दिवे बंद करताना बोर्डाकडे पाहिलं,
तर कुणीतरी काळ्या इन्सुलेशन टेपचा
बोटभर तुकडा उभा चिकटवलेला.
अ आणि त मध्ये जागा नव्हती,
तरी दाटीवाटीनं बसवलाय.

स्टॉक रजिस्टरात टेपचं एक रीळ आहे.
मी पूर्ण लिहिलं.