सत्तावीस नंबरचा ग्लास

डुलुथ, फेब्रुवारी. सरोवर गोठलेलं.
जुन्या अग्निशमन केंद्रात, जिथे कधीकाळी बंब उभे असत,
तिथे आता चार घडीची टेबलं.
मी ओतणारा. माझं काम एवढंच:
बाटलीवरचं नाव झाकायचं, नंबर सांगायचा, गप्प राहायचं.

"सत्तावीस. ओकच्या पिंपात चौदा महिने. कडक."

व्हर्लिनने ग्लास दिव्याकडे धरला.
"रंग जुन्या खोगिरासारखा," म्हणाला.
तो प्रत्येकच तपकिरी बिअरला खोगीर म्हणतो.
आर्विडने नाक खुपसलं, शिंकला, माफी मागितली, पुन्हा खुपसलं.
काकवी, त्याने लिहिलं. भिजवलेल्या मनुका. किंचित व्हॅनिला.
आणि प्रश्नचिन्ह टाकून: बूट पॉलिश?

सिग्ने राउतिओ मात्र
वास घेऊन थांबली.
घोट घ्यायच्या आधीच थांबली,
जशी माणसं जिन्यात थांबतात
वरच्या मजल्यावरचा खोकला ओळखून.

मग घेतला घोट.
मी बघत होतो. बघायचं नसतं, तरी.
आधी गोड, ते गालांवरून कळतं.
मग लाकूड: ओठ आत ओढले जातात,
दातांच्या मुळाशी तुरट काहीतरी ठाण मांडतं.
आणि शेवटी ती ऊब, छातीपर्यंत उतरत जाणारी,
बारा टक्क्यांची,
जिच्या निमित्ताने डोळे ओले झाले
तरी कुणी काही विचारत नाही.

"हे पिंप माझ्या भावाच्या तळघरातलं," ती म्हणाली.
"डाव्या भिंतीचं. त्यातली एक फळी चेरीची आहे.
मी बसवली होती."

अकरा वर्षं बोलणं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक.
का, ते विचाराल तर तीन घरी तीन कारणं मिळतील.

नियम साधा आहे: ओळख पटली की गुण द्यायचे नाहीत.
तिने गुणांची चौकट कोरी सोडली,
खुर्ची मागे सरकवली,
उठली नाही.

शेऱ्याच्या ओळी मात्र भरत गेली,
बारीक अक्षरात, पानाच्या पाठीवरही:
लाकूड फार बोलतं. त्याला मध्येच तोडायला शिक.
मद्य अजून कच्चं, घशातून पाय आपटत जातं.
पण मधला भाग...
इथे दोन शब्द खोडलेले.
मधला भाग कुणाकडून शिकलास ते मला माहीत आहे.
घाई केलीस. नेहमीसारखी.
उरलेल्या बाटल्या दोन वर्षं ठेव. अंधारात. मग उघड.

सही नाही. सही करायची नसते.

संध्याकाळी मी कागद पाकिटांत घातले,
नंबर जुळवून, एकेक.
उरलेलं सगळं बादलीत ओतायचं असतं.
सत्तावीस मी ओतलं नाही.
एव्हाना ते खोलीइतकं कोमट झालं होतं
आणि लाकूड
बरंच खाली बसलं होतं,
दुसऱ्या कुणाला तरी बोलू देत.