चार इंच पाणी

नोव्हेंबरात पेन्शनवाले येतात
हयातीचा दाखला काढायला,
कोहळीटोल्याच्या बोडीला लागून आमचं केंद्र आहे, तिथे.
सदाराम कापगते अंगठा ठेवतात. मशीन म्हणते, जुळत नाही.
तर्जनी. जुळत नाही.
दहाही झाली, डाव्या करंगळीसकट.
"वाफेनं खाल्ले," ते म्हणाले,
"ठसे तिकडंच रायले."

तिकडं म्हणजे 'वैनतेय'वर.

पडद्यावर चाक फिरत होतं,
तोवर त्यांनी पिशवीतून कागद काढला:
जुन्या खलाशांच्या मंडळाकडून आलेला,
जहाजाची सगळी सेवा एका पानात.
चष्मा घरी होता. मी वाचलं.

वाफेवर चालणारी फ्रिगेट. फेब्रुवारीत ताफ्यात दाखल.
"माहा पगार एप्रिलात चालू झाला. लिवलं हाय का?"
नव्हतं.

पूर्वेकडील बंदरांना दोनदा सदिच्छा भेट.
"असन. बंदर आलं का बॉयलर थंडा करा,
आत घुसा, काजरी खरवडा.
वरचे फोटो काढत."

चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरील गावांना पिण्याचे पाणी पुरवले.
इथे ते खुर्चीत सरळ झाले.
"ते आमचं पानी. खाऱ्याचं गोडं आमीच केलं.
तीन दिस आंघोर नाही, च्या अर्धा कप,
आन् बॉयलरले मोजून मोजून पाजलं,
तान्ह्या वासरावानी."

बॉयलर कक्षात किरकोळ अपघात. जहाज सेवेत कायम.
त्यांनी टेबलावर दोन्ही पंजे पालथे ठेवले.
कातडी गुळगुळीत, उकडलेल्या बटाट्यासारखी.
"किरकोर म्हंजे इग्नेशियस.
सिमडेग्याचा. माह्यावानी त्यालेबी रोज पेज लागे."
मी पुढची ओळ शोधत राहिले,
सापडली होती तरी.

मग त्यांनीच सांगितलं, कागद सोडून:
"लोक इचारतात, समुद्र कसा रायते.
मी काचनळी पायली, बाई. चार इंच पानी.
वर चढलं तं घात, खाली उतरलं तं घात.
अठरा वर्ष तेवढंच पायलं.
आन् तेबी गोडं."

परतल्यावर अर्जुनी रस्त्यावरच्या उसन्याच्या मिलमध्ये
कोंड्यावरचा बॉयलर सांभाळला.
मालकाने विचारलं होतं, अनुभव किती?
हे म्हणाले, तीस हजार घोडे.
मालक म्हणाला, आपल्याकडं एकच खेचर आहे, बघा जमते का.
जमलं. एकवीस वर्षं.
गाव आजही त्यांना स्टोकर म्हणत नाही,
भोंगेवाला म्हणतं.

शेवटची ओळ मी हळू वाचली.
सेवानिवृत्तीनंतर क्षेपणास्त्र सरावात लक्ष्य म्हणून वापर.
चोवीस मिनिटांत बुडाली.

"पुन्हा वाच."
वाचलं.
"बॉयलरवर कोन होता?"
कोणीच नाही काका, रिकामी होती ती.
"थंडा होता मंग."
बोटांवर काही मोजलं, ज्या बोटांवर मशीनला काही दिसत नव्हतं.
"गरम असता तं चोवीस मिन्टं लागली नसती.
लय येर तरंगली. जोड मजबूत होते."

कोणी बनवलेले जोड, ते मी विचारलं नाही.

मग डोळ्याची मशीन लावली.
पापणी वर धरा, हलू नका.
"डोरा बॉयलरच्या भोकाले लावून उमर गेली,
हलतो कायले."
मोतीबिंदूच्या कडेकडेने उजेड आत गेला,
आणि पडद्यावर उमटलं: हयात.

वीस रुपये सुट्टे दिले. दाखल्याची घडी
त्या कागदात घातली नाही,
वेगळी ठेवली, खिशात.
उठता उठता कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरपाशी वाकले,
बॅटरीच्या अंगावरची रेघ
नाक लावून पाहिली, बराच वेळ.

"पानी उतरलं हाय," म्हणाले.
"आजच टाक. गोडं.
बोडीतलं नोको."